वणवा आणि वस्ती : कॅलिफोर्नियातील घरांपुढील धोका

जंगल आणि वस्ती जेथे एकमेकांना भिडतात, तेथे वणवा सर्वाधिक घातक ठरतो. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी वीजवाहिनीतील बिघाडातून भडकलेल्या ‘कॅम्प फायर’ने उत्तर कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जवळजवळ भस्मसात केले, ८५ जणांचा मृत्यू झाला आणि १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या.

वणव्यात घरे बहुधा थेट ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. पन्हळीत साचलेला पालापाचोळा आणि माळ्याचे उघडे झरोके त्यांना वाट देतात. म्हणूनच वणवाप्रवण भागांत राज्याच्या कायद्यानुसार घराभोवती १०० फुटांपर्यंत वाळके गवत व झुडपे हटवावी लागतात.

अशा भागांत अनेक कंपन्या विमा नाकारतात. मग ‘फेअर प्लॅन’ हा मर्यादित संरक्षणाचा पर्याय उरतो. त्यामुळे घरखरेदीपूर्वीच विम्याची उपलब्धता तपासणे हिताचे.