स्वयंपाकघरातून विद्यापीठाकडे : न्यूयॉर्कच्या ‘टीचर्स कॉलेज’ची जडणघडण

शिक्षक हा जन्मावाच लागतो, तो घडविता येत नाही, हे वाक्य आपण सभासमारंभांतून इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर विचार करण्याचे आपण जवळजवळ सोडूनच दिले आहे. हे वाक्य खरे मानले तर डी.एड., बी.एड.ची महाविद्यालये, पाठटाचणे आणि सरावपाठ हा सारा व्याप व्यर्थ ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विद्यापीठांतही ‘शिक्षण’ हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे मान्य करणारे थोडेच होते. अशा काळात न्यूयॉर्क शहरात जी संस्था उभी राहिली, तिची कहाणी शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

या संस्थेचा उगम कोणा पंडिताच्या ग्रंथालयात झाला नाही. तो झाला खेळण्यातल्या भांड्याकुंड्यांत. ग्रेस डॉज या संपन्न घराण्यातील तरुणीने काही सहकाऱ्यांसह 1880 मध्ये ‘किचन गार्डन असोसिएशन’ स्थापन केली. नावावरून परसबागेची आठवण व्हावी. परंतु तिचा भाजीपाल्याशी काही संबंध नव्हता. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीच्या धर्तीवर, छोट्या भांड्यांच्या आणि खेळांच्या साहाय्याने गरीब वस्तीतील मुलींना घरकाम शिकविणे हे तिचे कार्य होते. 1884 मध्ये तिचे रूपांतर ‘इंडस्ट्रियल एज्युकेशन असोसिएशन’मध्ये झाले आणि शिवण, पाककला, सुतारकाम असे विषय मुलामुलींना शिकविले जाऊ लागले. येथेच खरी अडचण उभी राहिली. हे विषय शिकविणार कोण? सुताराला सुतारकाम येते, पण तो वर्ग चालवू शकत नाही. वर्ग चालविणाऱ्याला रंधा धरता येत नाही. या साध्या, व्यवहारी अडचणीतून 1887 मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची शाळा जन्मास आली. निकोलस मरे बटलर या तरुण तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाकडे तिची धुरा सोपविण्यात आली आणि त्याच वर्षी ‘होरेस मान स्कूल’ ही तिची आदर्श शाळाही सुरू झाली. 1892 मध्ये संस्थेने ‘टीचर्स कॉलेज’ हे नाव धारण केले.

शेजारच्या कोलंबिया विद्यापीठाशी तिचे नाते जुळणे मात्र सोपे गेले नाही. शिक्षण नावाचे शास्त्रच नाही आणि या संस्थेमुळे विद्यापीठात स्त्रियांचा शिरकाव होईल, अशा दोन्ही हरकती तेथील विश्वस्तांनी घेतल्या असे सांगितले जाते. पुढे 1893 मध्ये संलग्नता मिळाली, 1898 मध्ये संबंध अधिक दृढ झाले. तरीही दोन्ही संस्थांमधील 120 वा रस्ता हा जगातील सर्वांत रुंद रस्ता आहे, अशी थट्टा पुढे कित्येक दशके होत राहिली. ‘शिक्षणशास्त्रवाल्यां’कडे इतर विभागांनी किंचित खालच्या नजरेने पाहावे, हा अनुभव आपल्याकडेही अपरिचित नाही.

1898 पासून 1927 पर्यंत अधिष्ठाता राहिलेले जेम्स अर्ल रसेल हे या संस्थेचे खरे शिल्पकार होत. शिक्षकाच्या घडणीचे चार आधार त्यांनी मानले : व्यापक सुसंस्कृतता, स्वतःच्या विषयाचे सखोल ज्ञान, शिक्षण या व्यवसायाचे ज्ञान आणि प्रत्यक्ष अध्यापनाचे कौशल्य. या चौकटीतूनच संस्थेचे निरनिराळे विभाग वाढत गेले. शिक्षणाचा इतिहास पॉल मन्रो यांनी सांभाळला. 1904 मध्ये आर्थर वेस्ली डाऊ चित्रकला विभागात आले. 1907 मध्ये ॲडलेड नटिंग यांची नेमणूक झाली आणि परिचारिका असलेली व्यक्ती जगात प्रथमच प्राध्यापकपदी आली. पाककलेचे वर्गही हद्दपार झाले नाहीत. लॅटिन शिकविणाऱ्याच्या शेजारी शिवण शिकविणाऱ्या बाईचा विभाग असावा, यात रसेल यांना काहीच कमीपणा वाटला नाही. या संस्थेचे मोठेपण मला तरी येथेच अधिक जाणवते.

मतभेद तर संस्थेत पोसलेच जात होते. सेंट लुईसमध्ये 1873 मध्ये अमेरिकेतील पहिले सार्वजनिक बालोद्यान सुरू करणाऱ्या सुसान ब्लो फ्रोबेलचा शब्द प्रमाण मानीत; पॅटी स्मिथ हिल मात्र मूल प्रत्यक्ष काय करते ते पाहून पद्धती बदलावी, या मताच्या. (वाढदिवसाचे जे गाणे आज घरोघर म्हटले जाते, त्याची चाल हिल भगिनींच्याच शाळागीताची.) रसेल यांनी दोघींनाही व्याख्यानांसाठी पाचारण केले आणि विद्यार्थिनींना दोन्ही बाजू ऐकू दिल्या.

याहून खोल दरी होती ती एडवर्ड थॉर्नडाइक आणि जॉन ड्यूई यांच्या विचारांत. 1899 मध्ये आलेल्या थॉर्नडाइक यांनी अध्ययनाचे मोजमाप करण्याचा ध्यास घेतला. एका विषयाच्या अभ्यासाने बुद्धी सर्वच विषयांत तल्लख होते, ही जुनी समजूत त्यांनी आणि वुडवर्थ यांनी 1901 मध्ये प्रयोगांनी खिळखिळी केली. ड्यूई यांची नेमणूक कोलंबियाच्या तत्त्वज्ञान विभागात होती, पण त्यांचा प्रभाव रस्ता ओलांडून पलीकडे पोहोचला. शाळा म्हणजे एकत्र जगण्याची, लोकशाहीची पहिली जागा, हा त्यांचा आग्रह. त्यांचे अनुयायी किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये मांडलेली प्रकल्प पद्धती आज आपल्या शाळांतील मुले ‘प्रोजेक्ट’ म्हणून घरी आणतात. ते बहुधा पालकच पूर्ण करतात, ही गोष्ट वेगळी.

1913 ते 1916 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात होते आणि ड्यूई यांच्या वर्गांना बसत होते. 1936 च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात त्यांनी या गुरूचे ऋण कृतज्ञतेने नमूद केले आहे. त्याच भाषणात वंशशुद्धीच्या नावाने होणारे जातीचे समर्थनही त्यांनी खोडून काढले. हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण बुद्धी ही मुख्यतः जन्माने आणि वंशाने ठरते, असे मानणाऱ्यांत थॉर्नडाइक यांचाही समावेश होता. मोजपट्टी शास्त्रीय असली तरी ती हाती धरणाऱ्याचे पूर्वग्रह त्यामुळे नाहीसे होत नाहीत. ड्यूई 1 जून 1952 रोजी निवर्तले आणि 5 जून रोजी कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी अर्पण केली. गुरुशिष्यांची भेट चार दिवसांनी हुकली.

टीचर्स कॉलेजच्या एका इमारतीला थॉर्नडाइक यांचे नाव होते. त्यांच्या वंशवादी मतांचा विचार करून विश्वस्तांनी 2020 मध्ये ते काढून टाकले. गृहकलांच्या वर्गांसाठी 1909 मध्ये बांधलेल्या वास्तूला ग्रेस डॉज यांचे नाव आहे.