मस्कत ते सूर : दोन दिवसांची सहल

मंडळी, मस्कतमध्ये राहून सूरचा रस्ता धरला नाही असे होऊ नये. सव्वाशे किलोमीटरवर बिम्माचे कुंड लागते. चुनखडीचे छत खचून झालेला हिरव्यानिळ्या पाण्याचा खड्डा. पायऱ्या आहेत, त्यामुळे आजी-आजोबाही हळूहळू उतरतात. पुढे तिवीजवळ वादी शाब. होडीने पलीकडे, मग पाऊण तास दगडधोंड्यांतून चाल आणि शेवटी पोहत गुहेतल्या धबधब्यापर्यंत. पोहता न येणाऱ्यांनी अलीकडेच डबे उघडावेत. (थालीपीठ तिथे जास्तच चविष्ट लागते!)

मात्र ढग दिसले तर वादीत उतरूच नये. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि लोंढा उन्हातही येतो. एप्रिल २०२४ च्या पुरात समद अल शानला शाळकरी मुले वाहून गेली. वाहत्या वादीत गाडी घालणे इथे गुन्हाच आहे.

रात्री रास अल जिंझला हिरवी कासवे अंडी घालायला येतात. वर्षभर, पण मे ते सप्टेंबर अधिक. आगाऊ नोंदणी करा, वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. मुलांना टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवायला आधीच सांगून ठेवा.

परतताना वहिबाच्या वाळूत शिरायचे असेल तर चाकांतली हवा कमी करा आणि दोन गाड्या बरोबर न्या.