दंडशस्त्रे, चिनी

लाकडाच्या अथवा वेळूच्या लांब दांड्यास धातूचे पाते, फाळ, आकडी किंवा त्रिशूळ बसवून सिद्ध केलेल्या आणि बहुधा दोन्ही हातांनी चालविल्या जाणाऱ्या चिनी शस्त्रांचा हा वर्ग होय. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील शांग राजवटीपासून छिंग राजवटीच्या अखेरीपर्यंत चिनी पायदळात या वर्गास महत्त्वाचे स्थान राहिले. बंदुकींचा प्रसार झाल्यानंतरही त्याची सद्दी एकाएकी संपली नाही, आणि आज तो व्यायामशाळा, रंगभूमी व संग्राहक यांच्या आश्रयाने नांदत आहे. बाजारात ही शस्त्रे पात्याच्या रुबाबावर विकली जातात. तथापि त्यांचे मर्म दांड्यात आणि वजनाच्या तोलात आहे, हे ज्याने प्रथम ध्यानी घेतले नाही तो ग्राहक शोभेची वस्तू युद्धसाहित्य म्हणून आणि कसरतीचे ओझे ऐतिहासिक अवशेष म्हणून घरी आणतो.

इतिहास : या वर्गातील सर्वांत पुरातन आणि अस्सल चिनी म्हणावे असे शस्त्र ‘ग’ हे होय. यात कट्यारीच्या आकाराचे काशाचे पाते दांड्याच्या टोकाशी काटकोनात बसविलेले असे, व त्याने शत्रूवर वरून घाव घालता येई किंवा विळ्याप्रमाणे मागे ओढून त्याची मान अथवा हात छाटता येई. घाव बसताच पाते दांड्यातून ढिले होई, हा आरंभीच्या नमुन्यांतील मोठा दोष होता. त्यावर उपाय म्हणून पात्याची खालची कड दांड्यालगत लांबविण्याचा आणि तीत बंधनासाठी भोके पाडण्याचा प्रघात पुढे पडला. ही कड किती लांब व भोके किती, यांवरून पुरातत्त्वज्ञ आजही पात्याचा काळ अजमावतात. भाल्याचा फाळ आणि ‘ग’ ही दोन्ही एकाच दांड्यावर आली तेव्हा ‘जी’ हे जोडशस्त्र निर्माण झाले. हूबेइ प्रांतातील स्वेइचौ येथे १९७८ मध्ये उत्खनन झालेल्या, इ.स.पू. पाचव्या शतकातील त्सेंग राज्याचा अधिपती यी याच्या थडग्यात एकाच दांड्यावर एकाखाली एक अशी तीन पाती बसविलेली ‘जी’ मिळाली. थडगे पाण्याने भरलेले असल्यामुळे दांडेही टिकून राहिले, ही गोष्ट पात्यांहून अधिक मोलाची मानावयास हवी. कारण लाकडी गाभ्याभोवती वेळूच्या कांबट्या बसवून, त्यांवर धागा गुंडाळून व रोगणाचे लेप देऊन दांडा घडविण्याची प्राचीन रीत त्यामुळे प्रत्यक्ष पाहावयास मिळाली.

‘चौ-ली’ या प्राचीन ग्रंथास जोडलेल्या कारागिरीविषयक भागात या रीतीचे शास्त्रच सांगितले आहे. ओढून छेदणाऱ्या शस्त्राचा दांडा लंबगोल असावा, जेणेकरून पात्याची दिशा हातास न पाहता कळेल, आणि भोसकणाऱ्या शस्त्राचा दांडा वर्तुळाकार असावा. तसेच कोणतेही शस्त्र धारकाच्या उंचीच्या तिपटीहून लांब असू नये, कारण असे शस्त्र निरुपयोगी तर ठरतेच, शिवाय धारकालाच अपाय करते, असा त्याचा आशय आहे. दोन सहस्र वर्षांहून जुना असलेला हा निर्णय आजच्या ग्राहकानेही जसाच्या तसा स्वीकारावा. शीआन शहराजवळ १९७४ मध्ये उजेडात आलेल्या मृण्मय सैन्याच्या खड्ड्यांतील काही पात्यांवर महामंत्री ल्यू बूवेइ याच्यापासून कारखान्याचा अधिकारी व प्रत्यक्ष कारागीर यांच्यापर्यंतची नावे कोरलेली आढळतात; माल सदोष निघाल्यास जाब कोणास विचारावयाचा याची ती तजवीज होती. हा शिरस्ता पुढे लोपला, हे ग्राहकवर्गाचे दुर्दैव.

लोखंडाचा प्रसार झाल्यावर ‘ग’ मागे पडले. ‘जी’ काही शतके रणांगणावर टिकली, परंतु तांग काळापर्यंत तिचे स्थान दरवाजावरील मानचिन्हाचे झाले. हुद्द्यानुसार ठरावीक संख्येने उभ्या केलेल्या ‘जीं’च्या रांगा इ.स. ७०६ मधील राजपुत्र यीदे याच्या थडग्याच्या भित्तिचित्रांत पाहावयास सापडतात. याच काळात घोडदळाविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या ‘मोदाओ’ नावाच्या लांब शस्त्राचा ग्रंथांतून मोठा गौरव झाला असला, तरी निर्विवादपणे ‘मोदाओ’ म्हणता येईल असा एकही नमुना उपलब्ध नाही. सबब ‘तांगकालीन मोदाओची हुबेहूब प्रतिकृती’ अशी जाहिरात दिसल्यास ती कल्पनेची कृती समजावी.

सुंग दरबाराच्या आज्ञेने त्सेंग गुंगल्यांग व डिंग डू यांनी १०४४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘वूजिंग त्सोंगयाओ’ या युद्धशास्त्रविषयक कोशात आकडीचे भाले, चोचीच्या पात्यांची व चंद्रकोरीच्या आकाराच्या पात्यांची दंडशस्त्रे यांची चित्रे आहेत, आणि पुढील काळातील बहुतेक रूपांची मुळे तेथे शोधता येतात. मिंग सेनापती छी जिग्वांग (१५२८–१५८८) याने किनारपट्टीवरील चाच्यांशी झुंजताना जी अकरा लढवय्यांची तुकडी बांधली, तिची रचना तर दंडशस्त्रांच्या परस्परपूरकतेचे उत्तम उदाहरण होय : तुकडीच्या नायकाबरोबर पुढे दोन ढालाईत, त्यांच्यामागे फांद्या न छाटलेल्या वेळूचे ‘लांगश्यान’ घेऊन शत्रूची तलवार अडविणारे दोघे, मग चार लांब भालेकरी आणि पिछाडीस त्रिशूळधारी दोघे. बाराव्या माणसाकडे स्वयंपाक असे. एकेका शिपायाचे कौशल्य चाच्यांतील जपानी तलवारबाजाच्या तोडीचे नव्हते, हे ओळखून त्याने लांबीचा असा हिशेबी उपयोग केला. मिंग काळात वाखाणलेले हे ‘लांगश्यान’ आज दुकानांत विकावयास दिसत नाही; कारण त्यास रूप नाही.

ग्वान यूचे शस्त्र : चिनी दंडशस्त्र म्हटले की लांब दांड्यावरील रुंद चंद्राकृती पात्याचे जे शस्त्र डोळ्यांपुढे येते, त्यास पाश्चात्य व्यापारात सर्रास ‘ग्वानदाओ’ म्हणतात, चिनी लष्करी वाङ्मयातील त्याचे नाव ‘यान्यूएदाओ’ असे आहे. देवत्व पावलेला सेनानी ग्वान यू (मृत्यू इ.स. २२०) याचे ते शस्त्र, अशी लोकश्रद्धा आहे व तिचा पाया ‘तीन राज्यांची कथा’ ही कादंबरी होय; तीत त्याच्या शस्त्राचे वजन ८२ जिन दिले आहे. हान काळचे माप धरिले तर हे वजन सुमारे १८ किलोग्रॅम भरते आणि मिंग काळचे धरिले तर ४८ किलोग्रॅमच्या घरात जाते. तिसऱ्या शतकातील इतिहासकार छन शौ याने मात्र इ.स. २०० मधील लढाईत ग्वान यूने शत्रुसेनापती यान ल्यांग यास सैन्याच्या गर्दीत भोसकल्याचे नमूद केले आहे, आणि भोसकणे हे भाल्याचे काम. चंद्राकृती पात्याचे चित्र तर सुंग काळापासूनच मिळते. तात्पर्य, ते शस्त्र ग्वान यूच्या हाती इतिहासाने दिलेले नसून कादंबरी, मूर्तिकार आणि नाटकमंडळ्या यांनी दिलेले आहे. श्रद्धेच्या क्षेत्रात त्यास कोणी हरकत घेऊ नये, परंतु किंमत देताना हा भेद विसरणे महाग पडते.

वजनाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा आहे. लष्करी अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी छिंग सरकार ज्या परीक्षा घेई, त्यांत कठीण धनुष्य ओढणे व शिळा उचलणे यांबरोबर ८०, १०० व १२० जिन वजनाची प्रचंड दंडतलवार फिरविण्याची कसोटी होती. १२० जिन म्हणजे सुमारे ७० किलोग्रॅम. इतके अवजड आयुध रणांगणावर कोणी नेणे शक्यच नव्हते, ते केवळ बळाचे माप होते. या परीक्षा १९०१ मध्ये रद्द झाल्या आणि ती लोखंडी धुडे देवळांत, वाड्यांत व पुढे लिलावांत पोहोचली. ‘पूर्वीचे वीर एवढे शस्त्र सहज पेलीत’ असा मजकूर जोडून ती खपविली जातात. प्रत्यक्षात युद्धोपयोगी ‘यान्यूएदाओ’ साधारणतः दोन ते चार किलोग्रॅम वजनाचे असते. मिरवणुकीसाठी केलेली पितळेची, कथलाची वा रंगविलेल्या लाकडाची देवळांतील शस्त्रे हा तिसरा प्रकार, व वेताच्या दांड्याची हलकी नाटकी शस्त्रे हा चौथा. पेकिंगच्या संगीतनाट्यात नटी फेकलेले भाले पायाने परतवून लावते ते या शेवटच्या जातीचे.

दांडा : चिनी मल्लविद्येत भाल्यास सर्व शस्त्रांचा राजा मानले आहे, आणि काठी एका महिन्यात, तलवार एका वर्षात, पण भाला साऱ्या आयुष्यात साधतो अशा अर्थाची म्हण आखाड्यांतून प्रचलित आहे. मागचा हात दांड्याच्या बुडाशी कमरेलगत ठेवून पुढच्या हाताच्या सैल मुठीतून दांडा सरकवावयाचा, बाहेरच्या व आतल्या वर्तुळाने प्रतिस्पर्ध्याचा भाला बाजूस सारावयाचा आणि त्याच क्षणी सरळ भोसकावयाचे, या तीन क्रियांवर हे सर्व शास्त्र उभे आहे. त्या वर्तुळांना जोर येतो तो दांड्याच्या लवचीकपणामुळे. उत्तर चीनमध्ये यासाठी, ज्यावर मेणकीटक पोसून पांढरे मेण काढतात त्या जातीच्या झाडाचे सरळ वाढविलेले कोवळे खोड वापरतात. शांतुंग व होनान या प्रांतांत त्याची लागवड होते. हा दांडा फळीतून कापलेला नसून सबंध खोडाचा असल्यामुळे त्याचा तंतू बुडापासून शेंड्यापर्यंत अखंड राहतो व जाडी निसर्गतःच निमुळती होत जाते. यंत्रावर कातून एकसारखा जाड केलेला दांडा दिसावयास सुबक असतो, पण तंतू तुटल्यामुळे आघाताखाली चिरफळतो. आपल्याकडे लष्करातील भालाईत स्वारांसाठी भरीव नर-बांबू निवडीत असत, त्यामागील विचार हाच होता.

खरेदी : प्रथम प्रयोजन ठरवावे. स्पर्धेसाठी लागणारा भाला हलक्या फाळाचा व लवचीक असतो; धारकाने उभे राहून हात वर उंचावला असता जितकी उंची होते तिच्याहून तो आखूड नसावा, असा नियम आहे. स्पर्धेतील ‘ग्वानदाओ’चे पाते पत्र्यासारखे पातळ असून हलविताच खणखणते; प्रात्यक्षिकास तो आवाज उपकारक, पण त्या पात्याने काही कापावे ही अपेक्षा व्यर्थ. पारंपरिक तालमीसाठी घेतलेला दांडा बुडाशी मूठभर जाड असावा, जमिनीवर लोळवून त्याचा बाक पाहावा, गाठी व किडीची भोके तपासावी, आणि एका टोकाशी धरून झटका दिला असता कंप शेवटपर्यंत पोहोचतो की मध्येच मरतो याची खातरजमा करावी. टपालाच्या सोयीसाठी मध्ये धातूची नळी बसवून दोन तुकड्यांत केलेले दांडे शोभेपुरते ठीक; जोडाशी कंप थांबतो आणि मोडही तेथेच होते. त्यापेक्षा फाळ स्वतंत्र मागवून दांडा जवळपास करून घेणे श्रेयस्कर.

पात्याची परीक्षा करताना जाडी मुळापासून टोकाकडे उतरत जाते काय हे पाहावे. जुने कारागीर वजन हातापाशी राखण्यासाठी पाते घडवीत घडवीत पातळ करीत, तर सबंध पट्टीतून कापलेल्या आधुनिक पात्यास सर्वत्र एकच जाडी असून शस्त्र टोकाकडे जड होते. भाल्याच्या लोखंडी फाळाची नळी जुन्या कामात पत्रा गुंडाळून केलेली असते व तिची सांध बहुधा दिसते. ओतीव किंवा चरकावर कातलेली नळी निःसंशय नवी. हत्यारी धारेच्या जागी कठीण पोलादाची पट्टी दोन मऊ थरांमध्ये दाबून बसविण्याची चिनी रीत जुन्या पात्यावर सूक्ष्म रेषेच्या रूपाने ओळखू येते. अम्लाने काढलेली नक्षी, मुद्दाम चढविलेला गंज आणि ड्रॅगनच्या जबड्यासारख्या पितळी बोंडावरील अति चकाकी ही मात्र नव्या मालाची लक्षणे होत. फाळाखालचा तांबडा झुबका केवळ शोभेचा नाही. तो प्रतिपक्ष्याची नजर चुकवी व रक्त दांड्यावर ओघळू न देई, म्हणून जुन्या पद्धतीत तो घोड्याच्या केसांचा असे.

नव्या मालाचे सर्वांत मोठे केंद्र झेजियांग प्रांतातील लुंगछ्वान हे असून तेथील तलवार-घडणीस चीनने २००६ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तथापि त्या गावाच्या नावाने विकला जाणारा प्रत्येक नग त्या परंपरेतला असतो असे नव्हे. जुन्या वस्तूंविषयी सावधगिरी अधिक हवी, कारण १९११ पर्यंतच्या सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर नेण्यास चीनने मनाई केली आहे. प्रामाणिक पुराणवस्तू हवी असल्यास ती पूर्वीच बाहेर गेल्याचा दाखला असलेल्या युरोप-अमेरिकेतील संग्रहातून घेणे हाच निर्वेध मार्ग. डोळा तयार करण्यासाठी वूहान येथील हूबेइ प्रांतिक संग्रहालय व इंग्लंडमधील लीड्सचे रॉयल आर्मरीज पाहावे.

दांडा कोपऱ्यात तिरपा टेकवून ठेवू नये, तो वाकतो. आडवा किंवा लोंबता ठेवावा व वर्षातून एकदोनदा जवसाचे अथवा तुंगाचे तेल चोळावे. कोकणच्या पावसाळ्यात पात्यावर तेलाचा हात फिरविण्यास चुकू नये.

भारतातील ग्राहकासाठी कायद्याची बाजू अशी की, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा समावेश असून त्यांत भाल्यांचा नामनिर्देश आहे. अधिसूचित क्षेत्रात ती बाळगण्यास परवाना लागतो व शस्त्रे परदेशातून आणण्यासाठी स्वतंत्र परवान्याची आवश्यकता असते. साध्या लाठीस त्याच अधिनियमाने वगळले आहे. म्हणून धारदार पाते मागविण्यापूर्वी जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे लेखी चौकशी करावी. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन जकातीच्या नाक्यावर चालत नाही.