जुन्या मासिकांस नवे घर

समाजाचा इतिहास लिहू जाणाऱ्यास सनदा, खरेदीखते व कज्जेदलालीची कागदपत्रे यांवरून घराण्यांचा व जमिनीचा वृत्तांत कळतो. परंतु सामान्य कुटुंबे काय वाचीत होती, कोणत्या प्रश्नांवर वाद घालीत होती आणि कोणत्या सुधारणांस बिचकत होती, हे जाणण्यास जुन्या मासिकांसारखे दुसरे साधन नाही. सफाळे व आसपासच्या गावांतील जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा मासिकांचे गठ्ठे अद्यापि आढळतात. त्यांना योग्य स्थळी कसे पोचवावे, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विचार लांबणीवर टाकण्याजोगा नाही. १८६४ साली गुजरातेकडील लोहमार्ग मुंबईपर्यंत पोचला आणि मुंबईत छापलेले अक्षर आपल्या भागात येण्याची वाट सुकर झाली. त्याच मार्गावर २०१३ साली विरारपुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या. सफाळे मुंबईस अधिक जवळ आले आणि ओटी-पडवीच्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. जुने घर उतरविताना देव, दागिने व जमिनीचे कागद जपून नेले जातात; मासिकांचे गठ्ठे मात्र रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात.

अशाने काय गमावते, याचे प्रत्यंतर आपल्या वाङ्मयेतिहासातच आहे. केशवसुत १९०५ साली निवर्तले, तोवर त्यांचा एकही काव्यसंग्रह निघाला नव्हता. त्यांच्या कविता 'करमणूक', जळगावची 'काव्यरत्नावली' अशा नियतकालिकांतून विखुरलेल्या होत्या. त्यांचा संग्रह पुढे हरिभाऊ आपट्यांनी प्रसिद्ध केला. ज्या वाचकांनी व संपादकांनी ते अंक जपले, त्यांचेही ऋण मराठी कवितेवर आहे. खुद्द हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी प्रथम 'करमणूक' पत्रातूनच क्रमशः वाचकांच्या हाती गेली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघू शकते. मासिकाच्या अंकाची सहसा निघत नाही.

अशा संग्रहांस घर देण्याचे कार्य आपल्या प्रांतात जुने आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तत्पूर्वी सफाळे ठाणे जिल्ह्यात होते. त्या ठाणे शहरी 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिले. त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. याच संस्थेने १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची १९६९ साली प्रसिद्ध केली. शंकर गणेश दाते हे तिच्या संपादकांपैकी एक होत. तथापि सूचीत मासिकाचे नाव असणे निराळे आणि त्याचे सर्व अंक हाती लागणे निराळे. ही उणीव पुष्कळदा घरगुती संग्रहांतूनच भरून निघते.

तामिळनाडूतील एक उदाहरण येथे बोधप्रद आहे. कोट्टैयूर गावच्या रोजा मुत्तय्या या पाट्या रंगविणाऱ्या कारागिराने जन्मभर तामिळ पुस्तके व मासिके जमविली. १९९२ साली ते वारले. त्यांचा संग्रह १९९४ साली शिकागो विद्यापीठाने विकत घेतला; परंतु तो परदेशी न नेता चेन्नई येथे त्याचे संशोधन ग्रंथालय उभे राहिले. संग्रह एकत्र राहिला आणि आपल्या भाषेच्या प्रदेशातच राहिला, यात त्या व्यवहाराचे सारे महत्त्व आहे.

आपणांस एवढा मोठा योग लाभेलच असे नाही. परंतु एक गोष्ट प्रत्येक घरास करता येईल, ती म्हणजे गठ्ठा हलविण्यापूर्वी यादी करणे. मासिकाचे नाव, वर्ष, महिना, अंक व नसलेले अंक, एवढे लिहिले तरी पुरे. ग्रंथालयांची जागा अपुरी असते. 'मनोरंजना'चे जे अंक त्यांच्याकडे आहेत, तेच पुन्हा नेऊन दिल्यास ते कोठे ठेवावे हा त्यांच्यापुढे प्रश्न पडतो. म्हणून आधी यादी धाडावी, उणे असतील ते अंक द्यावे, उरलेले गावच्या वाचनालयास वा शाळेस द्यावे. दुबार अंकांचे पुढे काय होईल, हेही देण्यापूर्वी विचारून घ्यावे. संग्रह विभागला गेला, तरी एका घराने काय वाचले याची साक्ष ती यादी देत राहील. संग्रह फुटला तर फुटो, यादी फुटू नये.

अंक हाताळतानाही सावधगिरी हवी. लाकडाच्या लगद्याचा कागद कालांतराने पिवळा पडून ठिसूळ होतो. समुद्राकाठच्या दमट हवेत कसर व वाळवी यांचे भय अधिक. अंक सावलीत, कोरड्या हवेत ठेवावे. बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकण्याची पूर्वापार चाल सोडावी. औषधे, साबण, शाळा व वधूवर यांच्या जाहिरातींतच त्या काळचा संसार दिसतो.

शेवटी ज्ञातिबंधुभगिनींस एक विनंती. 'मनोरंजन' वा 'विविधज्ञानविस्तार' यांचे अंक निरनिराळ्या ग्रंथालयांत मिळू शकतील. परंतु ज्ञातिसंस्थांची मासिके, परिषदांचे वृत्तांत व स्मरणिका थोड्या प्रती छापून घरोघर वाटल्या जात. शिष्यवृत्त्या कोणास मिळाल्या, हुंड्याविरुद्ध ठराव केव्हा झाले, पहिली मुलगी मॅट्रिक केव्हा झाली, हे त्यांतच नमूद आहे. मोठ्या ग्रंथालयांत ती नसतील तर आपल्या माळ्याखेरीज त्यांना दुसरे ठिकाण नाही. ही मासिके विभागू नयेत. ती एकत्र ठेवून त्यांच्या छायाप्रती काढाव्यात आणि मूळ अंक संशोधकांस पाहता येतील अशा ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत. पूर्वजांनी वर्गणी भरून जे घरी आणले, ते पुढील पिढीस सुपूर्द करणे हे आपले कर्तव्य होय.