लाल मिलो आणि कोरियाच्या शेवया

परवा पुण्याहून भाचा आला. येताना त्यानं माझ्या पोरीसाठी तिथल्या कोरियन किराणा दुकानातून पिशवीभर खाऊ आणला. (रांजणगावला एलजीचा कारखाना 2004 पासून आहे, त्यामुळे पुण्याकडं कोरियन कुटुंबं राहतात. त्यांनाही त्यांचा किराणा लागतोच की.) समुद्री शेवाळाचे कुरकुरीत तुकडे, कोळंबीच्या चवीच्या कांड्या, अन् काळ्या पाकिटातला तो 'बुलडाक', ज्याच्या तिखटावर आजकाल पोट्टे शर्यती लावतात. बुलडाक म्हणजे आगीची कोंबडी.

जून 2024 मध्ये डेन्मार्क सरकारनं याचे तीन प्रकार अति तिखट म्हणून बाजारातून परत बोलावले होते. माझ्या आईनं दोन घास खाल्ले, पाणीही मागितलं नाही. म्हणे, "या तं शेवया हायेत. अन् तिखटात साखर काहून टाकली बाप्पा?"

मला मात्र त्या पाकिटामागची गोष्ट सांगायची आहे.

1953 मध्ये कोरियातली लढाई थांबली, तेव्हा दक्षिण कोरिया उपाशी होता. अमेरिकेचा जादा झालेला गहू 'पीएल-480' कायद्याखाली तिकडं जायचा. सोलच्या नामदेमुन बाजारात अमेरिकन छावण्यांतल्या उष्ट्या-उरल्या अन्नाची खिचडी पाच वॉनला वाटीभर मिळे, अन् त्यासाठी रांग लागे. ती रांग चॉन जुंग-युन नावाच्या माणसानं पाहिली. त्यानं जपानमधून यंत्रं अन् कृती आणली, आणि 15 सप्टेंबर 1963 ला 'सामयांग' कंपनीचं पहिलं रॅम्यनचं पाकीट निघालं. किंमत दहा वॉन. सुरुवातीला लोक घेईनात, फुकट चाखायला द्यावं लागलं. पुढं तांदूळ कमी पडतो म्हणून सरकारनंही लोकांना गव्हाकडं वळवलं. 2012 मध्ये बुलडाक काढला तो याच कंपनीनं.

आता आपल्याकडं या. पीएल-480 चा करार भारतानंही केला होता, 1956 मध्ये. पण महाराष्ट्राच्या डोक्यात बसलेलं परदेशी धान्य म्हणजे 72 च्या दुष्काळातली लाल मिलो. ही अमेरिकेतली ज्वारी, तिथं ती जनावरांना घालतात. इथं ती रेशनवर आली.

आई बाळापूर तालुक्यातली. तिला विचारलं, मिलो आठवते का? ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "थापली का तुटे ते भाकर. माहा बाप ताटावरून उठून जाये. घरी पाच एकर ज्वारी पेरणारा माणूस, अन् कंट्रोलच्या लाइनीत थैली घेऊन उभा."

पंचवीस वर्षं बातम्या लिहितोय, दुष्काळाचे आकडे तोंडपाठ आहेत. ही गोष्ट मात्र मी तिला कधी विचारलीच नव्हती.

आजोबांच्या त्या पाच एकरात आज ज्वारी नाही. एक तर रानडुकरं ठेवत नाहीत, अन् गेल्या तीसेक वर्षांत वऱ्हाडभर सोयाबीन पसरलं. गंमत बघा, पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात सोयाबीन लिहिलेलं आहे. कोरियन माणूस सोयाबीन आंबवून त्याचा सॉस करतो, तिखटाची चटणी करतो, पनीरसारखं टोफू करतो. आपण पिकवतो पण खात नाही. तेल गिरणीत, ढेप कोंबड्यांना.

2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता. आमच्या मामेभावानं त्या हंगामात 4,100 नं विकलं, म्हणजे किलोला 41 रुपये. बुलडाकचं एक पाकीट दीडशेला पडलं. एका पाकिटाला साडेतीन किलोच्या वर सोयाबीन! हे गणित मी जेवताना मांडलं तर पोरगी चिडली, "बाबा, खाऊ द्या ना आता!" तिचंही बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं आजीला विचारलं, "आजी, मिलो कुठं मिळते? मला चाखून पाहायची आहे."

आई म्हणाली, "कोठीच न मिळो माय."

अकोला-अमरावतीकडच्या कोणाच्या घरी मिलोची, सुकडीची आठवण असेल तर खाली लिहा. आई-आजीला विचारून लिहा, त्यांच्याच शब्दांत. ज्यांना नाव द्यायचं नसेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये पाठवा.