घड्याळ कुणाचं?

चाकणमधल्या आमच्या आजोबांना विचारलं, "तुम्ही कुठल्या पक्षाचे?" की ते माणसाचं नाव सांगतात. मला हसू यायचं. शिरूर लोकसभेचे निकाल नीट पाहिले आणि हसू थांबलं.

2004, 2009, 2014. सलग तीनदा शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव खासदार (पहिल्यांदा जुन्या खेड मतदारसंघातून). 2019ला घड्याळ घेऊन आलेल्या अमोल कोल्हेंनी त्यांना हरवलं. 2023ला राष्ट्रवादी फुटली, आणि 2024ला घड्याळ आढळरावांकडे, कोल्हेंकडे तुतारी. जिंकले पुन्हा कोल्हेच. ज्या घड्याळाला निवडून दिलं, तेच इथल्या मतदारांनी पाडलं.

मग मत फिरतं कशावर? न्यायालयाने 2014ला बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली होती. 2019च्या प्रचारात तो विषय गाजला. डिसेंबर 2023ला केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली. बाहेरच्यांना चाकण म्हणजे गाड्यांचे कारखाने वाटतात; इथला बाजार कांद्याचाही आहे.

आजोबांनी 2024ला कुणाला मत दिलं, ते सांगत नाहीत. त्या हिवाळ्यातला कांद्याचा भाव मात्र तारखेसकट सांगतात.