‘हंट द थिंबल’: लपवलेली वस्तू डोळ्यांसमोरच असते, तो खेळ

‘हंट द थिंबल’ हा सगळ्या कुटुंबाने मिळून घरात खेळायचा जुना इंग्रजी खेळ आहे. थिंबल म्हणजे अंगुस्तान, म्हणजेच शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची छोटी टोपी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या घरांत तो खेळला जात असे. अमेरिकेत याच खेळाला ‘हकल बकल बीनस्टॉक’ म्हणतात.

खेळ कसा खेळतात?

एक जण खोलीत थांबतो, बाकीचे बाहेर जातात. आत थांबलेला खेळाडू अंगुस्तान एखाद्या जागी ठेवतो. ते कशाखाली किंवा कपाटात ठेवायचे नसते. काहीही न उचलता, न उघडता ते दिसले पाहिजे, ही मुख्य अट.

मग सगळे आत येतात आणि हात न लावता शोधू लागतात. वस्तू दिसली तरी ओरडायचे नाही. दोन-चार पावले दुसरीकडे जायचे आणि गुपचूप खाली बसायचे, म्हणजे इतरांना जागेचा सुगावा लागत नाही. सर्वात आधी बसलेला खेळाडू पुढच्या डावात वस्तू ठेवतो.

समोर असूनही का दिसत नाही?

‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण या खेळाला चपखल बसते. शोधणारा अडचणीच्या जागा धुंडाळतो आणि उघड्यावरची वस्तू नजरेतून सुटते. डोळ्यांसमोरचे सगळेच मेंदू टिपत नाही. लक्ष जिथे असते तेच प्रामुख्याने दिसते.

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांचा 1999 मधील प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. पांढरे शर्ट घातलेले खेळाडू एकमेकांकडे चेंडू किती वेळा टाकतात, हे प्रेक्षकांनी व्हिडिओ पाहून मोजायचे होते. मध्येच गोरिलाच्या वेशातली व्यक्ती त्या खेळाडूंमधून चालत गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही!

लहान मुलांसाठी काय बदल करतात?

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘थंड-गरम’ हा प्रकार सोपा पडतो. एकच मूल शोधते. ते वस्तूजवळ गेले की बाकीचे ‘गरम’ म्हणतात, लांब गेले की ‘थंड’. जर्मनीतल्या ‘टॉपफश्लागेन’मध्ये मुलाचे डोळे बांधतात. ते रांगत, हातातला लाकडी चमचा जमिनीवर आपटत उलटे ठेवलेले भांडे शोधते. भांड्याखाली खाऊ असतो.

काय काळजी घ्यावी?

तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर अंगुस्तान, बटण, नाणे किंवा मणी वापरू नये. अशी वस्तू तोंडात जाऊन घशात अडकू शकते. त्याऐवजी लाकडी चमचा किंवा मोठे खेळणे घ्यावे. वस्तू मुलांच्या नजरेच्या उंचीवर ठेवावी. स्टुलावर चढावे लागेल अशा जागी नको.

या खेळाला पळापळ लागत नाही. त्यामुळे गुडघे दुखणारी आजी आणि पहिलीतला नातू यांचा सामना बरोबरीचा होतो. नातू तिच्याआधी जाऊन बसला तर नवल नाही.